पावसापाण्यात स्पर्धेला जाताना : खान्देशातल्या धावपटूंसाठी प्रवासाची तयारी

खान्देशात धावण्याचा कार्यक्रम तीन किलोमीटरचा असो की एकवीस, लोक त्याला सरसकट ‘मॅरेथॉन’च म्हणतात, आणि या शब्दाच्या ओढीने एका गावचा गट दुसऱ्या गावच्या स्पर्धेला हौसेने जातो. जळगावचे लोक धुळ्याला जातात, अमळनेरचे नंदुरबारला, चाळीसगावचे भुसावळला. स्पर्धा सुटते पहाटे साडेपाच-सहाला. म्हणजे शंभर किलोमीटरवरून येणारा माणूस घर सोडतो रात्री तीनला, अर्धवट झोपेत आणि घड्याळावर डोळा ठेवून. त्यात पाऊस असला की काळोख, ओला रस्ता आणि घाई ही तिन्ही एकत्र येतात. गेली काही वर्षे अशा स्पर्धांना जाऊन माझे मत असे झाले आहे की, पावसात धावण्याचा धोका आपण उगाच मोठा मानतो आणि त्या धावण्यापर्यंत पोहोचण्याचा धोका मोजतच नाही. म्हणून हा लेख प्रवासाविषयी आहे. धावण्याचा भाग त्यात ओघाने येईल.

नाव नोंदवण्यापूर्वी

तयारी सुरू होते ती नाव नोंदवण्याच्या दिवशी. तारीख कोणत्या महिन्यातली आहे, हे सर्वांत आधी पाहावे. जून ते सप्टेंबर हा पावसाचा काळ, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परतीचा पाऊस, डिसेंबर-जानेवारीत नदीकाठचे धुके आणि थंडी, फेब्रुवारी ते एप्रिल अवकाळी आणि गारपीट, आणि त्यानंतर ऊन. यांतले प्रत्येक हवामान प्रवासाला वेगळ्या प्रकारे अडवते. पुराने रस्ताच तुटतो, धुक्याने फक्त वेग कमी होतो, गारपीट अर्ध्या तासात येऊन जाते, आणि ऊन सकाळी काहीच करत नाही, परतीच्या वाटेवर गाठते.

नंतर नियम वाचावेत. पावसामुळे स्पर्धा पुढे ढकलली तर प्रवेश शुल्काचे काय, बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक, दुसऱ्याच्या नावावर करता येतो का, आणि बिब कधी मिळणार, हे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत. अनेक ठिकाणी बिब आणि टी-शर्टचे किट आदल्या दिवशीच वाटतात आणि सकाळी देत नाहीत. असे असेल तर मुक्कामाचा निर्णय आपोआप झाला असे समजावे. मित्राला किट घ्यायला सांगायचे असेल, तर ओळखपत्राची प्रत आणि संमतीचा संदेश त्याच्याकडे आधीच असावा.

वाट नीट समजून घेणे

मोबाइलवरचा नकाशा सर्वांत जवळचा रस्ता दाखवतो, पण पाणी कुठे भरते ते त्याला ठाऊक नसते. ही माहिती एसटीचे चालक, दूधवाले आणि त्या वाटेवरचे नातेवाईक यांच्याकडे असते. म्हणून आठवडाभर आधी एक फोन करून वाटेतल्या फरश्या, रेल्वेखालचे बोगदे आणि काम चालू असलेले पूल कागदावर लिहून घ्यावेत. फरशी म्हणजे नाल्यावरचा तो ठेंगणा पूल, ज्याला कठडा नसतो आणि ज्यावरून पाणी जाणे हे त्याच्या बांधणीतच गृहीत धरलेले असते.

खान्देशातले मोठे अडथळे ठरलेले आहेत. पूर्व-पश्चिम जाणारा सुरत-धुळे-जळगाव-नागपूर महामार्ग पावसात सहसा चालू राहतो आणि बांभोरीला गिरणा ओलांडणारा त्याचा पूलही उंच आहे. तरी खड्डे, वळणरस्ते आणि कामाच्या जागी पसरलेला मुरूम यांमुळे रात्री तिथे वेग धरणे शहाणपणाचे नाही. खरी अडचण उत्तर-दक्षिण जाताना येते, कारण तेव्हा तापी आणि तिला मिळणाऱ्या नद्या आडव्या येतात. भुसावळजवळच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. मध्य प्रदेशात आणि विदर्भात जोराचा पाऊस झाला की ते उघडले जातात, आणि आपल्या गावात आभाळ कोरडे असतानाही तापी दुथडी भरून वाहते. सप्टेंबर २०२३ मध्ये अशाच पुरात सारंगखेड्याच्या पुलाच्या टोकाचा भराव खचला आणि शहादा-दोंडाईचा वाहतूक तुटली. नंदुरबारकडून शहाद्याला जाणाऱ्यांना प्रकाशाचा पूल असतो, पण दोंडाईचाकडून येणाऱ्याला तो मोठा वळसा पडतो. धुळे शहरात पांझरेला पूर आला, किंवा वरच्या अक्कलपाडा धरणातून पाणी सुटले, की नदीवरचे लहान पूल बंद होतात; नदीपलीकडे मुक्काम असेल तर स्पर्धेचे मैदान दोन किलोमीटरवर असूनही फेरा पडतो.

घाटांचे वेगळे. चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या कन्नड घाटात ३०-३१ ऑगस्ट २०२१ च्या रात्री अतिवृष्टीने दरडी कोसळल्या, गाड्या अडकल्या, आणि खाली चाळीसगावात तितूर नदीचे पाणी वस्तीत शिरले. त्या बाजूच्या स्पर्धेला पावसाळ्यात जायचे झाल्यास जळगावकरांनी पहूर-फर्दापूर-अजिंठा-सिल्लोड ही वाट मनात धरावी आणि चाळीसगावकरांनी नांदगाव-वैजापूरचा विचार करावा. साक्री आणि नवापूर यांच्या मधला कोंडाईबारी घाट अवजड वाहतुकीमुळे पावसात तुंबतो. सातपुड्यात तोरणमाळकडे किंवा तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावकडे जायचे असेल, तर माझे मत स्पष्ट आहे : पावसाळ्यात हा प्रवास उजेडातच करावा आणि आदल्या दिवशी दुपारपर्यंत वर पोहोचावे. दरड पडली तर ती बाजूला करणारे यंत्र रात्री येत नाही, आणि मोबाइलला रेंज नसल्याने कोणाला कळवताही येत नाही.

अंदाज कसा वाचावा

हवामान खात्याचे रंग आता सर्वांना पाठ आहेत : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. मात्र हे इशारे पूर्ण जिल्ह्यासाठी असतात, आणि जळगाव जिल्हा चाळीसगावपासून मुक्ताईनगर-रावेरपर्यंत पसरलेला आहे. चाळीसगावात ढगफुटीसारखा पाऊस आणि रावेरात केळीच्या पानांवर धूळ, असे एकाच दिवशी घडू शकते.

आणखी एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे रविवारी पहाटे सहाची स्पर्धा आणि तिच्यासाठीचा रात्रीचा प्रवास हे दोन्ही शनिवारच्या रकान्यात येतात. रविवारचा रंग हिरवा पाहून निर्धास्त निघालेली माणसे मी वाटेत भिजताना पाहिली आहेत. त्यांनी चुकीचा रकाना वाचलेला होता. रविवारचा रकाना पाहावा तो परतीसाठी.

आकड्यांचा अर्थही माहीत असावा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे जोरदार, ११५.६ च्या वर अति जोरदार, आणि २०४.४ च्या वर अतिवृष्टीचा कळस. जोरदार पावसाच्या अंदाजात फरशीची वाट सोडून महामार्गाची वाट धरावी. अति जोरदारच्या अंदाजात रात्रीचा प्रवास रद्द करावा. त्यापुढे घरी राहावे, मग पदक कितीही देखणे असो.

पाहण्याच्या वेळा मी ठरवून टाकल्या आहेत. पाच दिवस आधी फक्त अंदाजाचा कल पाहतो. दोन दिवस आधी दुपारी मुंबईच्या प्रादेशिक केंद्राचे जिल्हानिहाय पत्रक पाहतो. आदल्या दिवशी धरणाच्या विसर्गाची बातमी पाहतो. ‘इतके हजार क्युसेक, इतके दरवाजे’ ही ओळ स्थानिक वर्तमानपत्रात हमखास असते. निघण्यापूर्वी अर्धा तास उपग्रहाचे ताजे चित्र आणि वीज पडण्याची सूचना देणारे दामिनी ॲप पाहतो. याहून जास्त वेळा पाहिल्याने पाऊस थांबत नाही, फक्त झोप जाते.

स्पर्धा रद्द होण्याची सूचना कुठे येईल, हेही आयोजकांकडून विचारून ठेवावे. ब्रिटनमध्ये २००४ साली लंडनच्या बुशी पार्कात तेरा धावपटूंसह सुरू झालेला पार्करन हा उपक्रम दर शनिवारी सकाळी पाच किलोमीटरचा असतो आणि तिथे हिवाळ्यात वाटेवर बर्फ गोठला की त्या ठिकाणची धाव ऐनवेळी रद्द होते. दुसरे ठिकाण जवळ असल्याने माणूस तिकडे वळू शकतो. आपल्याकडे त्या दिवशी दुसरी स्पर्धा नसते, म्हणून आपला पर्याय आधीच ठरवावा : स्पर्धा नाही झाली तर आपल्याच गावात त्याच अंतराचा सराव करायचा. असे ठरलेले असले की न जाण्याचा निर्णय हलका होतो.

रेल्वे, एसटी की स्वतःची गाडी

पावसाळ्यात पहिली पसंती रेल्वेला द्यावी आणि ती आदल्या दिवसाच्या गाडीला. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही गावे मुख्य मार्गावर आहेत. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर ही सुरत मार्गावर. धुळ्याला रेल्वेने जायचे तर चाळीसगावहून शाखा आहे. मुख्य मार्गाची गोम अशी की, आपल्याकडे थेंब नसला तरी मुंबईत पाणी तुंबले किंवा कसाऱ्याला दरड आली की इकडच्या गाड्या तासन्‌तास उशिरा येतात. म्हणून मुंबईकडून येणाऱ्या गाडीवर भरवसा ठेवताना तिकडचाही अंदाज पाहावा. गाडी आपल्या स्थानकावर तीन तासांहून जास्त उशिरा येत असेल आणि आपण प्रवास केला नाही, तर पूर्ण पैसे परत मिळतात. मात्र ई-तिकिटासाठी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा ऑनलाइन अर्ज, गाडी सुटण्यापूर्वी भरावा लागतो. पुष्कळ लोक वैतागून घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी भरायला बसतात, तेव्हा मुदत संपलेली असते. चौकशीसाठी १३९ हा क्रमांक आहे.

दूरच्या पावसाळी स्पर्धांनाही हेच लागू पडते. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पावसाळ्यात असते आणि तिकडे जाण्यासाठी गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस भुसावळ, जळगाव, चाळीसगाव करत साताऱ्यावरून जाते. अशा प्रवासात एक पूर्ण दिवस हाताशी ठेवावा.

एसटीचा एक फायदा कोणी मोजत नाही : कोणता पूल बंद आहे हे आगाराला आपल्या आधी कळते. शेवटची गाडी कोणती आणि पावसात ती रद्द होते का, एवढे आगारात विचारावे. महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे गटातल्या ताया-वहिनींचा मुक्कामाचा खर्चही त्यातून काही अंशी निघतो.

स्वतःची गाडी काढायची असेल, तर टायरच्या खाचा, वायपरचे रबर आणि काचेवरची वाफ घालवणारा पंखा आदल्या आठवड्यात तपासावा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर टायर कायद्याने बाद असतो, पण पावसात त्याच्या बऱ्याच आधीपासून तो घसरू लागतो. धावायला न जाणारा एक चालक सोबत असणे ही चैन नाही. एकवीस किलोमीटर धावलेला माणूस परत येताना स्टिअरिंगवर डुलक्या घेतो. दुचाकीवरून रात्रीच्या पावसात तीस किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, हे मी माझ्या पुतण्याला दरवर्षी सांगतो आणि तो दरवर्षी ‘काका, हळूच जातो’ म्हणतो.

मुक्काम आणि रात्रीचे जेवण

शंभर रुपयांच्या पेट्रोलऐवजी पाचशे रुपयांची खोली का घ्यावी, असा प्रश्न गटात नेहमी निघतो. खान्देशात बहुधा कोणाची तरी मावशी त्या गावात असतेच, त्यामुळे खोलीचा खर्च वाचतो. पण पाहुणचाराचा धोका वेगळा. शेवभाजीवर तर्रीचा लाल थर, जोडीला कळण्याची भाकरी, हिवाळा असेल तर भरीत, आणि ‘अजून एक घ्या हो’ असा आग्रह. मावशीला दुपारीच फोन करून सांगावे की रात्री साधी खिचडी किंवा वरण-भातच हवा, बट्टी आणि शेवभाजी उद्या दुपारी. सकाळसाठी केळी पुरे. जळगावच्या माणसाला ते सांगायला नको. खोली निवडताना ती मैदानाच्या, म्हणजे नदीच्या त्याच बाजूला असावी.

पिशवीत काय

सगळे सामान आधी प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि मग बॅगेत भरावे, कारण पावसात ‘वॉटरप्रूफ’ बॅग शिवणीतून गळते. धावण्याचे कपडे एका पिशवीत, नंतरचे कोरडे कपडे दुसऱ्या, रिकामी तिसरी ओल्या कपड्यांसाठी. मोज्यांचे दोन जोड जास्त घ्यावेत. सुती बनियन घालून पावसात धावू नये. ते भिजून जड होते आणि काखेत, छातीवर कातडी सोलते, म्हणून पातळ जाळीचा टी-शर्ट आणि व्हॅसलीन. सुरुवातीच्या रेषेवर उभे असताना अंग गार पडू नये म्हणून कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशवीला डोके आणि हात बाहेर काढण्यापुरती भोके पाडून ती घालावी आणि धाव सुटताच काढून कचरापेटीत टाकावी. रेनकोट घालून धावल्यास माणूस आतून घामाने भिजतो.

बिबच्या मागच्या बाजूला बॉलपेनने रक्तगट आणि घरचा क्रमांक लिहावा. शाईपेनने लिहिलेले पहिल्या सरीत पुसते. वेळ मोजणारी चिप बिबवरच असेल तर बिब दुमडू नये. नोंदणीचा क्यूआर कोड कागदावर छापून घ्यावा, कारण ओल्या बोटांना मोबाइलची काच दाद देत नाही. त्याच कागदावर ११२, रुग्णवाहिकेचा १०८, महामार्ग मदतीचा १०३३ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे क्रमांक असावेत.

फरशीपाशी

आता मूळ मुद्द्यावर येतो. एका वर्षी आम्ही चौघे एरंडोलहून कासोदा, भडगाव मार्गे चाळीसगावच्या एका स्पर्धेला पहाटे निघालो होतो. कासोद्याच्या पुढे एका नाल्याच्या फरशीवरून पाणी जात होते. हेडलाइटच्या उजेडात ते वीतभर दिसत होते, गढूळ आणि अगदी गुळगुळीत. गाडीतले नाना म्हणाले, ‘निघून जाईल रे, काही नाही.’ पलीकडून नाही, आमच्याच बाजूने, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतलेला एक शेतकरी बॅटरी घेऊन आला. त्याने पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला, आणि म्हणाला, ‘पानी उतरू द्या भाऊ, काय घाई शे?’ दहा मिनिटांनी दगड अर्धा बुडाला होता. पाणी चढत होते. पाऊण तासाने दगड पुन्हा कोरडा झाला, आणि उजाडल्यावर दिसले की फरशीची एक कड हातभर वाहून गेलेली होती, नेमकी त्या बाजूची जिथून आमचे डावे चाक गेले असते. आम्ही पोहोचलो तेव्हा स्पर्धा सुटून गेली होती.

दगडाची ही युक्ती मी तेव्हापासून वापरतो. पाण्याची खोली अंधारात कळत नाही, पण ते चढते आहे की उतरते आहे हे दहा मिनिटांत कळते. चढत असेल तर लगेच मागे फिरावे, कारण मागच्या फरशीवरही तेच होत असते. उतरत असले तरी फरशीची कड दिसेपर्यंत गाडी घालू नये. वाहत्या पाण्यात अर्धा फूट खोलीला माणसाचा पाय निसटतो, एक फुटाला लहान मोटार तरंगू लागते, आणि दोन फुटाला बहुतेक गाड्या वाहून जातात.

रेल्वेखालच्या बोगद्यात पाणी वाहत नाही, साचते, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. मी एकदा असेच समजून गाडी घातली. मधोमध ती बंद पडली आणि मी चावी पुन्हा फिरवली. चूक तीच होती. बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या नादात इंजिनात पाणी ओढले जाते. गाडी ढकलून बाहेर काढली असती तर मेकॅनिकने काही शेकड्यांत काम केले असते. मला इंजिन उघडावे लागले.

म्हणून परत फिरण्याच्या जागा घरीच ठरवाव्यात. वाटेवरची दोन गावे निवडावीत आणि प्रत्येकापुढे वेळ लिहावी : इतक्या वाजेपर्यंत इथे पोहोचलो नाही तर पुढे वेग वाढवायचा नाही, एक तर उशिरा पोहोचायचे किंवा परत फिरायचे. हा निर्णय गाडीत बसून, चौघांच्या उत्साहात, नीट होत नाही. गटात एकाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार द्यावा आणि त्याच्याशी वाद घालू नये. आमच्याकडे हे काम आता नानांकडेच आहे.

धुक्यात हिशेब सोपा आहे : दिवा खाली झुकवलेला ठेवावा, डाव्या पांढऱ्या पट्टीचा आधार घ्यावा, आणि थांबायचे झाल्यास रस्त्याच्या कडेला न थांबता पेट्रोल पंपावर थांबावे. कापसाच्या आणि उसाच्या ट्रॉल्यांना मागचा लाल दिवा असेलच असे नाही.

मैदानावर

गाडी शेतात लावायला सांगितली, तर आधी पायाने जमीन दाबून पाहावी. काळ्या मातीत सकाळी गेलेली गाडी दहा वाजता ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. दोनशे मीटर चालावे लागले तरी मुरमाची किंवा डांबराची जागा बरी. डिकीत दोन गोणपाट ठेवावेत, चाकाखाली घालायला.

पावसात धावायला हरकत नाही, विजेत आहे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेव्हा आडोसा घ्यावा : पक्की इमारत किंवा पत्र्याचे छत असलेली बंद गाडी. झाड आणि स्पर्धेसाठी उभारलेला लोखंडी खांबांचा मांडव या दोन्ही जागा टाळाव्यात. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास थांबावे. आयोजक धाव सुरू ठेवत असले तरी आपण थांबू शकतो. मांडवाच्या वायरी जिथे ओल्या गवतावर पडलेल्या असतात तिथून दूर उभे राहावे.

परतताना

अंतिम रेषा ओलांडल्यावर दहा मिनिटांत ओले कपडे बदलावेत, फोटो नंतर. गरम चहा आणि काहीतरी खारे घ्यावे. मार्च ते मेमध्ये ओआरएस. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा दहाच्या आत गाडीत बसावे किंवा मावशीकडे संध्याकाळपर्यंत झोपावे. पावसाळ्यात निघण्यापूर्वी विसर्गाची बातमी पुन्हा पाहावी, कारण सकाळी ओलांडलेला पूल दुपारी चालू असेलच असे नाही. रात्रभर वर पडलेले पाणी खाली यायला तेवढा वेळ लागतो. मुक्कामाच्या घरी तसे सांगून ठेवावे, म्हणजे परत यावे लागले तर संकोच होत नाही. बुटांतले तळवे काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, दोन तासांनी ते बदलावेत, आणि बूट गाडीच्या मागच्या काचेखाली उन्हात ठेवू नयेत, डिंक सुटतो.